मार्मोटची चरबी आणि माझा गुडघा

१५ ऑगस्ट
नोटबुर्गा, लिही. सून असलीस तरी डायरी माझी आहे, मध्ये बोलायचं नाही. माझा गुडघा गेलाय, असं काशियान म्हणतो. पोटचा पोरगा! पुढच्या जूनमध्ये गुरांबरोबर वरच्या कुरणावर माझ्याऐवजी नोटबुर्गा जाणार, चीज तीच करणार म्हणे. तिचं चीज म्हणजे पांढरं रबर. थांबलीस का? लिही.
प्लॅन ठरला. घरामागच्या उतारावर बीळ करून एक मार्मोट राहिलाय, मांजराएवढी, शिट्टी मारणारी डोंगरी खार. त्याची चरबी कढवून गुडघ्याला चोळायची. महिन्यात पळेन.

२ सप्टेंबर
काशियान बंदूक घेऊन निघाला. अडवला. अजून भरला नाही, कळ काढ म्हटलं. मार्मोटला रोज गाजर टाकते. माया नाही. चरबीसाठी.

२० सप्टेंबर
पोट जमिनीला घासतंय. पळाला की अंगावर लाटा उठतात. आई, आता तरी मारू का, असं काशियाननं विचारलं. आणखी आठवडाभर. बोटभर चरबी वाढेल.

२९ सप्टेंबर, सकाळी
तोंडात सुकं गवत धरून बिळात खेपा चालल्यात. अंथरूण घालतोय हो तो, असं नोटबुर्गा म्हणाली. तुला विचारलं का, म्हटलं. मंगळवारी नक्की.

४ ऑक्टोबर
मंगळवार. बिळाचं तोंड आतून माती-दगडांनी बंद. हिवाळाभर झोपायला गेला. बीळ खणायला कायद्यानं बंदी आहे. काशियान हसून हसून खाली बसला.

१० जानेवारी
काळजी नाही. चरबी त्याच्या अंगातच आहे, जाते कुठे? एप्रिलमध्ये काढू. नोटबुर्गा म्हणते, चुलीत लाकडं जळतात तशी झोपेत जळते, आतडीसुद्धा आकसतात. हिला शाळेत घातलं तिथेच चुकलं.

२२ एप्रिल
बाहेर आला. ओळखलाच नाही. थोरल्या भावाचा कोट घातल्यासारखी कातडी लोंबतेय. आता मारू का, असं काशियान गंभीर चेहऱ्यानं विचारतो. मारून काढणार काय त्यातून, शिट्टी?

३० मे
गुडघा उत्तम आहे. फक्त वाकत नाही.

१२ जून
आज गुरं वर गेली. फाटकापर्यंत मी स्वतःच्या पायांनी गेले, हे ठळक लिही. परत येताना काशियाननं हात धरला, त्याचीच हौस.
त्याचं अक्षर वाईट आहे म्हणतात. असेल. नोटबुर्गा वर आहे, सप्टेंबरपर्यंत डायरी यालाच सांगावी लागणार.