गवताच्या मैदानाची किल्ली

स्कारवॉय,
गुरुवार, २ मे २०१९

प्रिय तोरुन,

आशीर्वाद लिहावा की नमस्कार, हे ठरेना, म्हणून दोन्ही लिहिते. तुला हवा तो घे.

तब्येत बरी असेल. हामरफेस्टला अजून बर्फ असेलच. इथलं वितळलं, पण वारा बोचरा आहे आणि मी स्वयंपाकघरातसुद्धा बाबांचा जुना स्वेटर घालून बसले आहे. रूबार्बच्या कोंबांनी डोकं वर काढलंय. परसातलं सफरचंदाचं झाड या हिवाळ्यात पडलं, मुळासकट. त्याची लाकडं अजून तशीच पडली आहेत. तोडायला माणूस मिळतो, पण मीच बोलवत नाही.

आता गावाची बातमी. आपल्या फुटबॉलच्या पोरी वर चढल्या! तीन हजार वस्तीचं गाव, आणि यंदा पोरी देशातल्या सगळ्यात वरच्या गटात खेळणार. गेल्या ऑक्टोबरात शेवटचा सामना जिंकला तेव्हा पाद्रीबुवांनी वेळ नसताना चर्चची घंटा वाजवली, आणि कुठे आग लागली म्हणून बंब येऊन उभा राहिला. वरच्या गटाचे नियम कडक. दिवे हवेत, बाराशे खुर्च्या हव्यात, पाहुण्यांना वेगळी न्हाणीघरं हवीत. मग काय, हिवाळाभर सगळं गाव श्रमदानाला. कोणी रंग लावतंय, कोणी बर्फ उपसतंय, दंतवैद्य खड्डे खणतोय. मी खुर्च्यांचे स्क्रू पिळते आणि दर रविवारी मैदानावरच्या टपरीत वॉफल भाजते. सोबत आपली बोरघिल. तीच, आपल्या वेळची उजवी बचावपटू. जीभ तीच आहे, फक्त गुडघे बदलून घेतलेत. "गुन्वोर, पीठ पातळ झालंय, यातून बॉल जाईल," असं ती दर रविवारी म्हणते.

समितीची अध्यक्ष इंग्विल नावाची शाळामास्तरीण आहे, तिशीतली. तुला आमंत्रण तिनेच पाठवलं होतं. अठरा मेला नव्या मैदानावरचा पहिला सामना, आणि बॉलला पहिली लाथ तोरुनने मारायची, हे तिच्याच डोक्यातून निघालं. नव्या फाटकाला बाबांच्या नावाची पाटी लावायची, हेही त्याच आमंत्रणात होतं. तुला खेळताना तिने कधी पाहिलेलं नाही, पण तिच्या आईने तुझ्या गोष्टी सांगून सांगून तिला वाढवलंय.

तुझं उत्तर आलं. इंग्विलने ते टपरीत आम्हा दोघींना वाचून दाखवलं. दोनच ओळी. "ज्या माणसाने आम्हा मुलींसाठी फाटक उघडलं नाही, त्याचं नाव फाटकाला? ती पाटी लागणार असेल तर मी येणार नाही."

बोरघिल वॉफलचं यंत्र पुसत राहिली. इंग्विल म्हणाली, "गुन्वोर, तुझे बाबा आणि तुझी बहीण. आम्ही मध्ये कशाला पडू? पाटी लावायची की नाही, तू ठरव. अठरा तारखेच्या आत सांग म्हणजे झालं."

मी म्हणाले, "बघते." त्याला आता दहा दिवस झाले. तुला ठाऊकच आहे, वेळ मारून नेण्यात माझा हात कोणी धरणार नाही.

फाटकाला बाबांचं नाव का द्यायचं ठरलं, हे तुला कोणी सांगितलं नसेल. तू चौऱ्याऐंशीच्या शरदातच उत्तरेला गेलीस. पुढच्या वर्षी, पंच्याऐंशीत, एक एप्रिलला सकाळी बाबांनी गवताच्या मैदानाचं कुलूप काढलं आणि तोवर शेजारच्या खडीच्या मैदानावर खेळणाऱ्या आम्हा मुलींना म्हणाले, "या. बूट पुसून या." एक एप्रिल म्हणून आम्हाला वाटलं थट्टा चाललीये. सतरा मेच्या आधी गवताला पाय लावायचा नाही, हा नियम घालणारा मैदानाचा राखणदार! पुरुष संघाची मंडळी धावत आली. त्यांच्या अध्यक्षाने "आनफिन, तुझं डोकं फिरलंय का?" असं सगळ्यांसमोर विचारलं. बाबा म्हणाले, "फिरलं होतं. आता ताळ्यावर आलंय." त्यांना मैदानाच्या कामावरून काढायचं घाटत होतं, पण तेवढ्या पगारात राबणारा दुसरा मिळेना. त्या वर्षापासून ज्या दिवशी पुरुष गवतावर उतरत, त्या दिवशी आम्हीही. मुलींचा वेगळा क्लब झाला तेव्हा पहिली वर्गणी बाबांनी भरली. म्हणून त्यांचं नाव.

हे वाचून तू म्हणशील, एक वर्ष उशिरा शहाणपण सुचलं, त्याचं काय कौतुक. तुझ्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं.

इथे थांबते. बटाटे उकळून पाणी बाहेर आलंय.


रविवार, ५ मे

पत्र तीन दिवस टेबलावर पडून होतं. बटाटे हे निमित्त, हे तुलाही कळलं असेल. आता सरळ लिहिते.

आठ एप्रिल चौऱ्याऐंशी. तो रविवार तू विसरली नसशील, पण सकाळी घरात काय झालं ते तुला माहीत नाही. तू लवकर उठून मैदानावर गेली होतीस, कारण राष्ट्रीय संघाची निवड करणाऱ्या बाई बोटीने यायच्या होत्या. तू एकोणीस वर्षांची होतीस आणि रात्रभर तुझी चुळबुळ चालली होती. बाबा तापाने फणफणले होते. त्यांनी मला खोलीत बोलावलं, उशीखालून गवताच्या मैदानाची किल्ली काढली आणि माझ्या हातात ठेवली. ती किल्ली त्यांनी त्याआधी कोणालाच दिली नव्हती. आईलासुद्धा नाही, ती होती तोवर.

म्हणाले, "रात्री गोठलंय. डोंगराच्या सावलीतला कोपरा दुपारपर्यंत सुटायचा नाही. खडीवर टाच मारून बघ. कडक लागली तर पोरींना गवतावर खेळू दे."

मी टाच मारून पाहिली, तोरुन. दगड होता दगड. आदल्या दिवशीच्या गाडीच्या चाकाने पडलेली चाकोरी तशीच गोठून बसली होती.

किल्ली कोटाच्या खिशात घेऊन मी गवताच्या फाटकाकडे निघाले. तिथे ओद्वार उभा होता. तेव्हा आमचं लग्न व्हायचं होतं. पुरुष संघाचा कप्तान, अख्ख्या गावाचा लाडका, आणि गावातल्या सगळ्या मुलींत त्याने मला निवडलं याचंच मला अप्रूप. तो म्हणाला, "गुन्वोर, उघडू नकोस हं. ओल्या गवतावर आज तुमचा सामना झाला तर आमच्या पहिल्या सामन्याला चिखल उरेल. आणि तुमचं काय, बायकांना काय खडी नि काय गवत. बघायला येतंय कोण?"

मी त्याला म्हणायला हवं होतं, निवड करणाऱ्या बाई येतायत, माझी बहीण बघायला येतायत. मी हसले. अजून ते हसणं आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

आणि आणखी एक. तेही लिहून टाकते, नाहीतर अर्धं खरं लिहिल्यासारखं होईल. गवतावर तू उडायचीस. खडीवर तू आमच्यासारखीच धडपडायचीस. त्या सकाळी जो तो तुझंच नाव घेत होता. गोलात उभं राहणाऱ्या माझ्यासारख्या मुलीला कोण विचारतंय? तुझं वाईट व्हावं असं मनात नव्हतं, देवाशपथ नव्हतं. पण तू एक दिवस आमच्यासारखी धडपडलीस तर बिघडलं कुठे, एवढं मात्र मनात आलं होतं.

पंचांनी विचारलं, "खडी फार कडक आहे, गवतावर घेता येईल का?" सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या, कारण मी आनफिनची मुलगी. तूही बघत होतीस. आणि मी म्हणाले, "बाबा म्हणाले, सतरा मेच्या आधी गवताला पाय लावायचा नाही."

कोणीही दुसरा प्रश्न विचारला नाही. बाबा जन्मभर तेच बोलत आले होते, त्यामुळे माझं खोटं त्यांच्या तोंडी चपखल बसलं. पंचांनी शिट्टी मारली. किल्ली मी हातमोज्यांच्या पिशवीत टाकली आणि पिशवी गोलाच्या खांबाला टांगली.

पुढचं तुला सांगायला नको. मी माझ्या गोलात होते आणि तू बॉल अडवायला थेट आपल्याच कोपऱ्यात धावत आलीस, सावलीतल्या. तुझा पाय चाकोरीत अडकला, बाकीची तू वळलीस आणि पाय वळला नाही. तो आवाज मला गोलातून ऐकू आला. माझी पिशवी तिथून दहा पावलांवर होती.

बर्गनला शस्त्रक्रिया झाली. राष्ट्रीय संघाच्या शिबिराचं बोलावणं त्यानंतरच्या मंगळवारी आलं. ते पाकीट मीच पेटीतून काढून आणलं.

कुबड्यांवर तू घरी आलीस तो दिवस. बाबा टेबलाशी बसले होते, मी बटाटे सोलत होते. तू ओरडलीस, "गवत तुमचं, आणि मुलगी नाही का हो तुमची? एक दिवस! एक दिवस उघडलं असतंत तर काय झडलं असतं?" बाबांनी तुझ्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी बटाट्यावरून नजर काढली नाही. मग म्हणाले, "चुकलं माझं." तू दार आपटून गेलीस.

दुसऱ्या दिवशी अवजारांच्या खोपीत मी त्यांच्यासमोर रडले. म्हटलं, तिला सांगते. ते कुदळीचा दांडा घासत होते. म्हणाले, "थांब. आत्ता सांगितलंस तर ती तुझं तोंड बघणार नाही. माझ्यावर राग धरू दे तिला. बाप आज ना उद्या जायचाच. तुम्हा दोघींना अजून पुष्कळ वर्षं एकमेकींच्या सोबतीने काढायची आहेत. राग निवला की मग सांग."

किल्ली परत करायला मी पुढे केली तर म्हणाले, "ठेव. तुझ्याचपाशी ठेव." ते कुलूप त्यांनी बदललं.

मी थांबले. तुझा राग निवायची वाट बघत थांबले असं स्वतःला सांगत राहिले, पण खरं म्हणजे ते सोयीचं होतं. तू उत्तरेला गेलीस, नाताळला कार्ड पाठवायचीस, मलाच, वर माझंच नाव. दर नाताळला बाबा विचारायचे, "काय लिहिलंय?" मी वाचून दाखवायचे आणि शेवटी "बाबांना नमस्कार" असं माझ्या पदरचं जोडायचे. दोन हजार तीनला ते गेले. तू आली नाहीस. तुझी फुलं आली, त्यावर ओळ नव्हती. शेवटच्या आठवड्यात त्यांनी मला विचारलं होतं, "सांगितलंस का गं तिला?" मी "हो" म्हणाले. "मग?" "मग काही नाही बाबा, ती येते म्हणाली." त्यांनी दोन दिवस दाराकडे तोंड करून झोपायचा हट्ट धरला.

अक्षर वाचता येत नसेल तर माफ कर. फक्त अक्षराबद्दल म्हणते आहे.

ओद्वारचं म्हणशील तर एकवीस वर्षं संसार झाला आणि मग तो एका बाईबरोबर स्पेनला गेला. तिथे रोज गोल्फ खेळतो म्हणे. गवत उत्तम असेल.

आज टपरीत सगळं सांगून टाकलं. तुला आधी सांगायला हवं होतं, पण तुला लिहून पत्र पेटीत टाकायच्या आत माझा धीर सुटेल, ही भीती होती. चार माणसांना कळलं की मागे फिरता येत नाही. स्क्रू पिळणाऱ्या बायका हात थांबवून ऐकत होत्या. इंग्विल खुर्चीवर बसली. बोरघिल म्हणाली, "म्हणजे पस्तीस वर्षं मी त्या बिचाऱ्या आनफिनला शिव्या घातल्या? त्याच्या मयतीच्या जेवणातसुद्धा?" मी मान हलवली. तिने माझ्यापुढे एक वॉफल ठेवलं, वर तपकिरी चीज आणि जॅमही घातला. "खा. मी तुझ्याशी बोलणार आहे, पण आज नाही." मग ती आपला कोट घेऊन घरी गेली.

पाटीचं इंग्विलने पुन्हा विचारलं. मी सांगितलं, हे ठरवायचा हक्क माझा नाही, तोरुनचा आहे. पाटी गोदामात भिंतीला टेकवून ठेवली आहे, नवीकोरी निळी, वर पांढऱ्या अक्षरांत "आनफिनचं फाटक". तू हो म्हटलंस तर अठरा तारखेला लागेल. नाही म्हटलंस तर कोणी तुला दोष देणार नाही. माझं तोंड पाहायचं नसेल तर तेही कळव. मी त्या दिवशी टपरीचं दार लावून आत बसेन, किंवा गावाबाहेर जाईन. पण तू ये. बाबांसाठी ये असंही म्हणत नाही. तुझी लाथ बघायला पोरी टपून बसल्या आहेत.

पाकिटात किल्ली घातली आहे. ती आता कशालाच लागत नाही. नव्या फाटकाला कुलूप नाही, आकडे दाबायचे असतात, आणि ते आकडे संघातल्या सगळ्यात लहान मुलीलासुद्धा पाठ आहेत. तरी ती तुझ्याकडे असावी. ती देताना बाबांनी तुम्हा पोरींसाठी एक निरोप दिला होता आणि तो माझ्यापाशीच राहिला. आज पोचवते:

"खडी कडक लागली तर पोरींना गवतावर खेळू दे."

तो निरोप पस्तीस वर्षं अडवून बसलेली,
तुझी
गुन्वोर