विहिरीतला मासा

बाबा, इब्रामपूरची आपली विहीर गेल्या आठवड्यात बुजवली. रस्ता रुंद होतोय, त्यात ती गेली. आधी पंप लावून पाणी उपसलं, तेव्हा तळच्या चिखलात दोन मासे वळवळताना दिसले. पाणी चांगलं असल्याची खूण म्हणून तुम्ही सोडले होतेत, त्यांचीच ही पिल्लावळ. मी चिखलात उतरलो तसा बेळगावकडचा मशीनवाला म्हणाला, "मालक, बाजारात मासा मिळत नाही काय?" मिळतो, म्हटलं, पण तो आमच्या घरचा नसतो. तो हसला आणि मशीन बंद करून चहाला गेला.

हरमलच्या घरी मासे निळ्या पिंपात ठेवले. घरात मी एकटाच असतो. बायको जाऊन तीन वर्षं झाली, मुलगी परदेशात. जेवताना समोर काही हलतं दिसावं, म्हणून टाकी करायला घेतली. किनाऱ्यावरच्या एका शॅकवाल्याच्या मोडलेल्या काउंटरच्या जाड अ‍ॅक्रिलिक शीट माझ्या दुकानात पडून होत्याच. पण जन्मभर काचेच्या खिडक्या बसवलेला माणूस मी, हात सवयीने सिलिकॉनकडे गेला. अ‍ॅक्रिलिकला ते धरत नाही, हे गिऱ्हाइकांना सांगणाराही मीच. टाकी भरून जेवायला बसलो, तर थेंबाचा आवाज. कान तुमचेच घेतलेत. उठेपर्यंत सांधा चर्र करत सुटला, पाणी, मासे, सगळं फरशीवर. मासे उचलून परत पिंपात टाकले. दुसऱ्या दिवशी पिंपातला एक मासा उलटा तरंगत होता. राहिला एक.

मग सगळं सिलिकॉन खरवडलं, कडा घासून सरळ केल्या, शीटवर शीट उभी केली आणि सिरिंजने पाण्यासारखं पातळ सॉल्व्हंट सांध्यात सोडलं. ते आपणहून आत धावतं, दोन्ही कडा विरघळवून एकजीव करतं. तरी मला राहवेना, वरून दाबायला गेलो. आणि तुमच्या सुतारकामाच्या पडवीतला तो दिवस समोर आला. खुर्चीच्या पायाला सरस लावून मी जीव खाऊन दाबतोय, सरस सगळा बाहेर येतोय, आणि तुम्ही रंधा न थांबवता म्हणताय, "हात काढ मरे. आतां तुजें काम सोंपलें."

हात काढला. दोन दिवस नुसता भोवती फिरलो. मग कॅनमध्ये राखलेलं विहिरीचं पाणी ओतलं आणि तासभर सांध्याला कान लावून बसलो. काहीच ऐकू आलं नाही. मासा सोडला.

हे कुठे धाडायचं नाही, म्हणून लिहितो. शेवटच्या आजारात तुम्ही इब्रामपूरच्या घरी खाटेवरून रोज संध्याकाळी विचारायचात, "मासो दिसता?" मी चपला काढता काढता सांगायचो, दिसता. विहीर वीस पावलांवर होती. पर्यटकांच्या सीझनचे दिवस, मी कामावरून दमून यायचो. एकदाही वाकून बघितलं नाही.

दिसता, बाबा. आज बघून सांगतोय.