बाहुल्यांचे डोळे

चि. धाकटीस,
चिडलेल्या ताईचे आशीर्वाद.

मी खुशाल आहे. खोली हवेशीर आहे, जेवणही बरं आहे. आईचा गुडघा कसा आहे? तिला सांग, मी कुणाशी भांडले नाही. म्हणजे मोठ्याने नाही.

कलेचा धंदा करणाऱ्यांना नेतृत्व शिकवायला इथे शिबिरात जे सर आहेत, त्यांनी जन्मात एक बाहुली केली नसेल. काल त्यांनी विचारलं, "तुम्ही नसलात तर कारखान्यात काय अडतं?" मी ताठ मानेनं सांगितलं, "डोळे. आमच्या बाहुल्यांचे डोळे माझ्याशिवाय कुणी रंगवत नाही." तर म्हणे, "बाई, मग तुम्ही कारखाना चालवत नाही, अडवून धरलाय." सगळे हसले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

संध्याकाळी तुझा फोन, की चाळीस बाहुल्या डोळ्यांवाचून फळीवर पडल्यात आणि तू माझी वाट बघतेयस. मग तुझाही राग आला. वीस वर्षं माझ्या शेजारी बसून रंग कालवतेस, एकदा तरी ब्रश हिसकावून घ्यायचा होतास.

डोळ्यांचा तो बारीक ब्रश मी येताना सोबत आणला होता. कशाला, ते विचारू नकोस. या पाकिटात घातलाय. डावा डोळा आधी काढ.

फोटो मात्र पाठवू नकोस. मी चुका काढीन.

तुझी,
ताई