अकरा दिवसांची काजळी

खांदेश्वर,
बुधवार दुपार

प्रिय क्षिप्रा,

बाबांचं पत्र बघून घाबरशील, म्हणून आधीच सांगतो, घरी सगळं ठीक आहे. आईचा गुडघा बरा आहे, म्हणजे बसल्या जागेवरून मला कामं सांगण्याइतका बरा आहे. फोनवर तू "बोला बाबा" म्हणतेस आणि माझी गाडी साताऱ्याच्या हवेपुढे सरकत नाही. एकतीस वर्षं प्लांटचं लॉगबुक लिहिल्यामुळे असेल, मला खरं काय ते कागदावरच सांगता येतं.

समोरच्या हेतलने परवा विचारलं, क्षिप्राताई कधी येणार. मी म्हटलं, आठ दिवसांत. त्यावर आई आतून म्हणाली की हे गेला महिनाभर आठच दिवस सांगतायत. तू साताऱ्याला ऋतामावशीकडे चार दिवस म्हणून गेलीस, आणि आता सोमवारपासून तिथल्या क्लासमध्ये शिकवायला लागणार. पीएचडीतून नाव काढून घेण्याचा अर्जही लिहून तयार आहे आणि तोही सोमवारीच जाणार, असं मावशीने सांगितलं. बाबा रागावलेत म्हणून गप्प आहेत, असं तू तिला म्हणालीस म्हणे. मी रागावलेलो नाही गं.

सहावीत असताना तू मला विचारलं होतंस, उत्प्रेरक म्हणजे काय. मी म्हटलं, आपल्या गावच्या राहीबाई. दोन घरांचं लग्न जुळवतात, पंगतीला जेवतात आणि होत्या तशाच पुढचं स्थळ बघायला मोकळ्या. तू ते जसंच्या तसं परीक्षेत लिहिलंस आणि बाईंनी एक मार्क कापला. तेव्हापासून तुझ्या डोक्यात कॅटॅलिस्ट शिरला तो शिरलाच. खारघरच्या लॅबमध्ये काम सुरू केलंस तेव्हा एपीएमसीतून सडका कोबी-फ्लॉवर पोत्याने आणायचीस, तो कुजवून गॅस काढायचीस. आई म्हणायची, एवढी शिकली आणि पाल्यातच बसली. तू तिला ओट्याशी उभं राहून समजावलंस की या गॅसात मिथेन आहे आणि कार्बन डायऑक्साइड आहे, दोघेही हवा तापवणारे. ते वर जाऊ द्यायचे नाहीत. निकेलच्या भुकटीवरून, म्हणजे तुझ्या कॅटॅलिस्टवरून, भट्टीत फिरवायचे आणि त्यांच्यातला कार्बन धाग्यांच्या रूपात पकडायचा. केसाहून कितीतरी बारीक धागे, सिमेंटमध्ये मिसळले तर भिंतीला चीर जाणार नाही. मी मान डोलावली. तुला वाटलं, बाबांना कळलं. मलाही तसंच वाटलं. पण धागे म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर आईच्या शिलाई मशीनचं रीळ आलं होतं.

कारण आमच्या तळोज्याच्या प्लांटमध्येही निकेलच होतं, आणि त्याच्यावर धरणारा कार्बन म्हणजे आमचा वैरी. आम्ही त्याला काजळी म्हणायचो. काजळी धरली की गॅस अडायचा आणि प्लांट बसायचा. मग रिॲक्टर तापवून त्यात बेताबेताने हवा सोडायची, काजळी जळून जायची, निकेल परत कामाला. घाई केली तर निकेलही जायचं, म्हणून हे काम माझ्याकडे असायचं. निवृत्तीच्या दिवशी विलाससाहेबांनी भाषणात माझं तेवढंच एक कौतुक केलं, आणि ते ऐकून तू सगळ्यात मोठ्याने टाळ्या वाजवल्या होत्यास.

फेब्रुवारीत तुझा तो अकरा दिवसांचा प्रयोग झाला. घरी फक्त आंघोळीला यायचीस. शुक्रवारी भट्टी निवायला ठेवलीस, सोमवारी भट्टीतली नळी उघडायची असं ठरवलंस आणि शनिवारी आईबरोबर अस्मिताच्या साखरपुड्याला गेलीस. सोमवारी नळीत कार्बनचा कणही निघाला नाही. तुझ्या स्वानंद सरांनी विचारलं, हवेचा व्हॉल्व्ह उघडा राहिला होता का. त्या संध्याकाळी ताटावर बसून तू म्हणालीस, "बाबा, माझ्याच हातून राहिला असणार. मला नाही जमणार हे." मी म्हणालो, "आधी जेवून घे."

त्यानंतर तू स्वयंपाकघरातला गॅस दहादा बघायला लागलीस. कुलूप लावून जिन्यातून परत यायचीस. पुढचे दोन प्रयोग भीतीपोटी अर्ध्यावर बंद केलेस. सडक्या कोबीला नाक न मुरडणारी माझी पोर स्वतःच्या हातांना घाबरायला लागली, आणि मी रोज समोर बसून ते बघत होतो.

क्षिप्रा, व्हॉल्व्ह तुझ्या हातून राहिला नव्हता. त्या शनिवारी सरांनी मला गॅसलाइनची गळती बघायला बोलावलं होतं, ते तुला ठाऊक आहे. गळती अर्ध्या तासात निघाली. सर मीटिंगला गेले. मी नळीत डोकावलो तर आत काळंकुट्ट, गच्च भरलेलं. मला वाटलं, पोरीच्या निकेलवर काजळी धरलीय, सोमवारी बिचारी साफ करत बसेल. म्हणून मी भट्टी पेटवली, हवा सोडली आणि मन लावून, एकही चूक न करता, तुझे अकरा दिवस जाळून टाकले. परत आकाशात सोडले. सोमवारी तू ताटावर बोललीस तेव्हा मला कळलं की काजळी तीच होती आणि धागेही तेच होते. सरांनी फोनवर विचारलं, तुम्ही कशाला हात लावला होता का. मी खोटं बोललो, म्हणालो, फक्त जॉइंट आवळला. जन्मभर माझ्या कामावर कुणी बोट ठेवलं नव्हतं. तुझ्या नजरेतून उतरायची मला भीती वाटली, आणि ती भीती मी तुझ्यावर लोटली. याची मला फार लाज वाटते.

आज सकाळी खारघरला जाऊन सरांना सगळं सांगितलं. मग रागवायचं सोडून त्यांनी विचारलं, जळायला किती वेळ लागला, किती तापमानाला. सवयीने मी खिशातल्या डायरीत टिपून ठेवलं होतं. तासाभरात आटपेल असं धरून चाललो होतो, पुरते चार तास लागले. आमची काजळी पाचशेच्या आत निघायची, ही सहाशे ओलांडल्याशिवाय हलेना, तेव्हा मी वैतागलोही होतो. सरांनी ते आकडे दोनदा वाचले आणि म्हणाले, "दिनानाथराव, साधी काजळी इतकी चिवट नसते. हे धागेच होते, आणि भरपूर होते." पुरावा म्हणून हे चालणार नाही, प्रयोग पुन्हा करावा लागेल, असंही ते म्हणाले. निकेल तेच आहे, भट्टी तुझी वाट बघतेय. माझ्याशी हवे तितके दिवस बोलू नकोस, पण तो अर्ज पाठवू नकोस. तुला जमलं होतं, पोरी. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय, आणि पाहणारा मी एकटाच आहे, म्हणून हे लिहिलं.

तू काहीही ठरवलंस तरी तुझाच,
बाबा