मिठूची अंडी

माय, काल शेजारची कॉलेजातली पोरगी तिचा पिंजरा घेऊन माझ्या दारात उभी राहिली. आत पिवळ्या तुऱ्याची एक राखाडी पक्षीण होती, पंख फुगवून कोपऱ्यात बसलेली. पोरगी रडवेली झाली होती. नर नाही, काही नाही, तरी ही अंडी देतच राहते, मी उचलून फेकते तरी देते, वाळून काटकी झाली, असं म्हणत होती. मी म्हटलं, अगं बाई, फेकतेस म्हणूनच देते. ठेव तिच्याजवळ, बसू दे तिला. संध्याकाळी ती डॉक्टरकडे जाऊन आली, त्यांनीही तेच सांगितलं म्हणाली, वर प्लास्टिकची दोन अंडी दिली पिंजऱ्यात ठेवायला. काकू, तुम्हाला कसं माहीत, असं तिनं विचारलं. मी दार लावलं आणि ओट्यापाशी उभी राहून रडले. वयानं आता मी तुझ्याहून कितीतरी मोठी आहे, तू ओळखणारही नाहीस. आणि मी अशी पुस्तकी भाषा लिहिते म्हणून तू हसशील, 'मास्तरनीवानी काहून बोलून राह्यली वो' म्हणशील. म्हण. नोकरीच तशी केली जन्मभर.

तुमसरचं आपलं घर आठवतं? राईस मिलच्या मागची ती खोल्यांची रांग, बाबा तिथे मुनीम होते म्हणून मिळालेली. धान निघालं की मिल रात्रंदिवस चाले, अंगणात, जात्यावर, माझ्या वेणीतसुद्धा तूस. मिलच्या फाटकावरचा दिवा आपल्या सैंपाकघराच्या खिडकीतून थेट आत यायचा, घरात वेगळी चिमणी लावायची गरजच पडायची नाही. एकोडीच्या मामानं मिठूला याच घरात आणलं. तिकडे बोडीच्या पाळीवरचं, पाण्याकाठचं एक मोहाचं झाड पडलं होतं, ढोलीतून पोपटाचं पिसं न फुटलेलं पिल्लू निघालं, ते तो धोतराच्या सोग्यात घेऊन आला. तेव्हा माझ्या पाठचा पहिला जाऊन फार दिवस झाले नव्हते. तू त्या पिल्लाला बोटावर भाताची पेज घेऊन भरवलंस. मला आठवतं, भरवताना तुझंही तोंड उघडायचं.

सगळे त्याला मिठू म्हणत. 'मिठू, राम राम म्हण,' असं बाबा रोज कामावर जाताना शिकवत, आणि मिठू मेल्यासारखा गप्प. गळ्याला नराचा काळा-गुलाबी कंठा कधी फुटलाच नाही, तरी कुणाच्या डोक्यात उजेड पडला नाही. मग एका माघात पिंजऱ्याच्या तळाशी पांढरं अंडं. बाबा इतके हसले की चष्मा काढून पुसला. मिलमध्ये जाऊन सांगून आले, आमचा मिठू बाळंत झाला म्हणून. हमाल लोक पाहायला आले. तू पदर तोंडाला लावून हसत होतीस. तुला तसं हसताना मी नंतर फार कमी पाहिलं, म्हणून तो दिवस जपून ठेवला आहे.

आणि मग आपण तिला मारायलाच निघालो, माय. मायेनं. घरात बाळंतीण म्हटल्यावर आपल्या हातांना जे येतं तेच आपण केलं. पिंजरा चुलीजवळच्या उबेच्या कोपऱ्यात आला. त्यात टोपली आली, टोपलीत तुझ्या जुन्या लुगड्याचा तुकडा. भिजवलेले हरभरे, खारीक, डिंकाच्या लाडवाचा चुरा. ते लाडू तुझ्यासाठी केलेले होते. माझ्या पाठच्या दुसऱ्याच्या वेळेचे. तोही राहिला नव्हता आणि डबा भरलेलाच होता, कुणी खायला धजत नव्हतं. तू तो चुरा मिठूला घालायचीस. आत्या बघून न बघितल्यासारखं करायची.

आत्या अंडी उचलायची. बाबांची थोरली बहीण, लवकर विधवा होऊन आपल्याकडे आलेली, घराच्या किल्ल्या तिच्या कमरेला. वांझोटं अंडं घरात ठेवू नये, कूस भरत नाही, असं ती म्हणायची. पण खरं कारण ते नव्हतं, हे मला मोठं झाल्यावर कळलं. तिचा एक हिशेब होता: दिसलं नाही तर दुखत नाही. अंडं पडलं की तू उठायच्या आत ती ते उचलून मिलमागच्या तुसाच्या ढिगात पुरून यायची. तुझी दोन्ही लेकरंही तिनं तशीच उचलली होती. सुईणीच्या हातातून सरळ फडक्यात, फडक्यातून सरळ बाहेर. तू खाटेवरून विचारायचीस, "कोणावर गेलं होतं?" आत्या म्हणायची, त्याले काय पाह्याचं आता, झोप तू. दुसऱ्या वेळी मी दाराआड होते. तू एकदा विचारलंस, परत विचारलंस, मग भिंतीकडे तोंड केलंस. मी लहान होते. मला वाटलं तुला झोप लागली.

मिठूचं अंडं नाहीसं झालं की दोन दिवसांनी दुसरं. तेही गेलं की आणखी एक. माघ गेला, फाल्गुन गेला, उन्हाळा तापला तरी ही देतेच आहे. छातीचं हाड सुरीसारखं वर आलं. दांडीवर नीट बसता येईना. आपण काय केलं? खुराक वाढवला.

मग ती दुपार. मी शाळेतून आले तर मिठू पिंजऱ्याच्या तळाशी, शेपूट टेकवून, चोच उघडी टाकून धापा टाकते आहे. तू तिला पाहिलंस आणि नुसतं म्हणालीस, "अडलं." तुझा आवाज असा होता की मी दप्तर काढायचं विसरले. पातेल्यात पाणी ठेवलंस, फडकं गरम केलंस, तिळाच्या तेलाचा थेंब बोटावर घेतलास. वाफेवर तिला दोन्ही तळव्यांत धरून किती वेळ उभी होतीस कोण जाणे, घाम हनुवटीवरून ठिबकत होता. आत्या समोर बसून फडकी पिळून देत होती, ओठांत देवाचं नाव. शेवटी अंडं आलं. त्याला कवच नव्हतं. भिजलेल्या कागदासारखं, बोट लावलं तर आत जाईल असं. देऊन देऊन तिच्या अंगात कवचापुरतंही काही उरलं नव्हतं.

आत्यानं सवयीनं ते उचलायला हात पुढे केला. आणि तू, जिनं नणंदेसमोर कधी मान वर केली नव्हती, तू तिचा हात धरलास. ओरडली नाहीस. हळूच म्हणालीस.

"बाई, हिचे नेऊ नोका. माह्ये नेले, मले पाहूबी देल्ले नाही. मंग मी का थांबली का? हिले बसू द्या. थकन, मंग आपुनच उठन."

आत्याचा हात तसाच तुझ्या हातात होता. तिनं तो सोडवून घेतला नाही. चुलीवरचं पाणी उकळून उकळून आटलं.

तुझं डोकं मग भराभर चाललं. एकोडीला तुझ्या माहेरी कोंबड्या होत्या. अंडी उचलली की कोंबडी देत राहते, ठेवली की खुडूक बसते, हे तर शेंबडं पोरही सांगेल, तू स्वतःच्याच कपाळावर हात मारून घेतलास. पण कोंबडी ती कोंबडी आणि मिठू घरातलं लेकरू, कुणाला सुचणार? पुढची चार अंडी तू तिच्याखाली ठेवलीस. पिंजरा चुलीपासून उचलून पडवीत टांगलास, मिलच्या दिव्याच्या आडोशाला. दिवेलागण झाली की वरून काळी चादर. लाडू बंद, हरभरे बंद. साधं धान, पालक, आणि चघळायला पानाच्या डब्यातला वाळलेल्या चुन्याचा खडा. मी तिच्या पाठीवरून हात फिरवायची तर माझ्या हातावर चापट दिलीस. डोकं खाजव फक्त, म्हणालीस, पाठीवरून हात फिरवला का वाकते पाह्य, तिले वाटते नवरा आला. आणि लाजलीस. आत्यासुद्धा हसली.

मिठू बसली. अन्नापुरती उठायची, परत बसायची. चारांवर पाचवं दिलं नाही. महिना होत आला तसा एके सकाळी ती दांडीवर चढून बसली, अंडी खाली पडली होती आणि तिनं त्यांच्याकडे पाहिलं नाही. दुपारपर्यंत तू थांबलीस. मग ती सुपात घेतलीस, आणि आपण दोघी मागच्या शेवग्याखाली गेलो. खड्डा मी खणला. तू एकेक अंडं हातात घेऊन उन्हात धरलंस, फिरवून पाहिलंस. मलाही दाखवलंस. "पाहून घेवाव," म्हणालीस, "मंगच माती टाकाव." तू त्या दिवशी अंड्यांसाठी रडत नव्हतीस, हे मला तेव्हाही कळलं होतं. मी तुझा पदर धरून उभी राहिले.

मिठू सुधारली. छातीवर मांस धरलं. यातच कितीदा माझा जीव अडकतो, माय. मिठूसाठी आपण सगळं आवरलं. खुराक आवरला, टोपली काढली, उजेड झाकला, हात आवरले. तुझ्यासाठी कुणी काय आवरलं? पुढच्या वर्षी तुला परत दिवस गेले. लाडवांचा डबा परत निघाला. तुझ्या गळ्याची हाडं मिठूच्या हाडासारखी दिसत होती आणि येणाऱ्या बाया म्हणत होत्या, ह्या खेपेला पोरगाच, पोट टोकदार आहे. बाबा वाईट नव्हते. कुणीच वाईट नव्हतं. मला राग धरायला माणूसच सापडत नाही, आणि राग तर आहे.

तो दिवस लिहायचा म्हणून दोनदा उठून पाणी पिऊन आले. सकाळपासून तू खोलीत होतीस. बाबा मिलचा ट्रक मिळवायला धावले होते, भंडाऱ्याच्या दवाखान्यात न्यायला. ट्रक येईपर्यंत दुपार झाली आणि ट्रकचं काम राहिलं नाही. मी उंबऱ्यात होते. मला कुणी हाकललं नाही, कुणाचं लक्षच नव्हतं. खाटेखाली साचलेलं रक्त मी पाहिलं. तुझा आवाज अगदी बारीक झाला होता तरी तू विचारलंस. आत्या तुझ्या तोंडाशी वाकून म्हणाली, पोरगा झाला, चांगला आहे, बाहेर रडून राह्यला. बाहेर कुणी रडत नव्हतं. मिलचा पट्टा तेवढा फटफट वाजत होता. तू विचारलंस, "कोणावर गेला?" आत्याला तेवढं खोटं जमलं नाही. ती तुझे केस मागे सारत राहिली, आणि तू उत्तराची वाट पाहता पाहता गेलीस.

मग तीच घाई सुरू झाली. सुईणीनं फडकं गुंडाळलं, आत्यानं हात पुढे केले, दाराशी माणसं आली. मी उठले आणि आत्याचं लुगडं धरलं. म्हटलं, आत्या, नेऊ नको ना, तिच्यापाशी ठेव. आत्यानं माझ्याकडे पाहिलं. मग तिनं फडकं सोडलं आणि ते लेकरू तुझ्या दंडाच्या खोबणीत ठेवलं, तुझा हात वरून आणला, तुमच्यावर एकच चादर ओढली. बाहेरून कुणी म्हणालं, उशीर होते. तेव्हा आत्या दारात जाऊन बाबांना म्हणाली, "बसू द्या तिले. थोडंसं बसू द्या." बाबांनी दार ओढून घेतलं. आत तुम्ही, आत्या आणि मी.

मिठू त्यानंतर कितीतरी वर्षं जगली. दर माघात दोन-चार अंडी द्यायची, आत्या पडवीत तिच्याजवळ निवडण घेऊन बसायची, उठेपर्यंत हात लावायची नाही. मग शेवग्याखाली जाताना मला हाक मारायची. आम्ही दोघी त्या खोलीतल्याबद्दल कधी एक शब्द बोललो नाही. बाबांशी नाही, नवऱ्याशी नाही, माझ्या बाळंतपणात सगळे बाळाला बघून कोणावर गेलं म्हणत होते तेव्हाही नाही. आत्या गेली, बाबा गेले. आता सांगणारी मी एकटी उरले. हा कागद मी कुठे टाकणार नाही, घडी करून लुगड्यांत ठेवीन, सुनेच्या हाती लागला तर लागला.

तुला पोरगा झाला म्हणून सांगितलं होतं, माय. पोरगी होती. चादर ओढण्याआधी मी नीट पाहून घेतलं, तू शिकवलं होतंस तसं. काळेभोर ओले केस होते, कपाळ लहान, आणि हनुवटीला मधोमध खळी. तुझ्यावर गेली होती.