काठावर आपण दोघं

नाना, आपली विहीर बुजवली. काल काकांच्या नातवाचा फोन आला होता. बोअरला पाणी भरपूर आहे, विहिरीत गुरं पडायची भीती, म्हणून मुरूम आणून भरून टाकली, पुढच्या हंगामात तिथेही केळी लावू, असं तो सहज सांगत होता. मी "बरं केलं" म्हटलं. तुम्ही जेवढे जगलात त्याहून मी आज वीस वर्षांनी मोठी आहे, आणि तरी तुमच्याशी बोलायचं म्हटलं की माझं वय नऊच होतं. म्हणून बोलत नाही, लिहिते आहे.

चैत्रातली दुपार होती. नवीन ऑइल इंजिन बसवून वर्षही झालं नव्हतं आणि त्याची भकभक साऱ्या मळ्यात भरून राहिलेली असायची. तुम्ही पार टोकाला केळीला पाणी देत होतात. अक्का कळशी घेऊन विहिरीत उतरली होती, मी वर दगडावर बसून चिंचा खात होते. ती तेरा वर्षांची, मी नऊची. शेवटच्या पायरीवर शेवाळ होतं हे तिला माहीत होतं, मलाही माहीत होतं. तिचा पाय घसरला तेव्हा आवाजसुद्धा फारसा झाला नाही. ती एकदा वर आली, तिचं तोंड उघडं होतं, पण हाक ऐकू आली नाही. मग पुन्हा एकदा वर आली, आणि मग नुसती वेणी दिसली. नाना, मी उभी होते. चिंच हातात धरून उभी होते. ओरडले नाही, पळाले नाही. किती वेळ ते आजही सांगता येत नाही. पण पाणी पुन्हा सपाट झालेलं मी पाहिलं आहे, एवढा वेळ तरी नक्की. मग पाय सुटले आणि मी केळीतून धावले, पानं तोंडावर सपासप लागत होती.

तुम्ही माझ्याही पुढे धावलात. विहिरीवर पोचलात, पायांतले जोडे काढलेत, टोपी काढून जोड्यांवर ठेवलीत, काठावर आलात, आणि थांबलात. तुम्हाला पोहता येत नव्हतं. इतक्या वर्षांचे मळेकरी तुम्ही, रोज त्या पाण्यावर जगणारे, पण पोहता येत नव्हतं, आणि हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. तुमच्या पोटऱ्या थरथरत होत्या. तुम्ही ओरडत होतात, आणि इंजिन तुमचा आवाज गिळत होतं. मग खळ्यावरून आपला म्हातारा गडी आला, सातपुड्यातून आलेला, ज्याला आपण सगळेच बाबा म्हणायचो. त्याने नेसत्या धोतरानिशी उडी टाकली. तिसऱ्या बुडीला त्याने अक्काला वर आणलं.

संध्याकाळी ओट्यावर माणसं जमली तेव्हा मला विचारलं, काय झालं पोरी, नीट सांग. मी सांगितलं, "ती पडली आणि मी लगेच पळाले." लगेच. तो एक शब्द मी बोलले आणि सगळ्यांनी मनातल्या मनात जे जुळवायचं ते जुळवलं. पोर लगेच पळाली, बाप आला, बाप काठावर उभा राहिला. तुमच्या तोंडावर कुणी बोललं नाही. उलट, बरं झालं उडी नाही मारली, नाहीतर दोघं गेले असते, असंच म्हणाले. पण ते म्हणताना कुणी तुमच्याकडे पाहत नव्हतं. आई तर त्या दिवसापासून तुमच्याशी कामापुरतंसुद्धा बोलेनाशी झाली. भाकरी वाढायची ती ताटाकडे बघून. आपल्या विहिरीचं पाणी तिने घरात घेणं बंद केलं, लांबच्या आडावरून आणू लागली.

वर्ष सरलं. पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही जळगावला गेलात आणि येताना जाड खाकी कापडाची एक अर्धी चड्डी शिवून आणलीत. माझ्यासाठी. गावात मुलीने चड्डी घालण्याची रीत नव्हती, पोहणं तर दूरच. आईने ती चड्डी बघितली आणि वर्षभरात पहिल्यांदा तुमच्याकडे सरळ पाहून बोलली, "एक गेली, आता हिले बी ढकलता का?"

तुम्ही म्हणालात, "ढकलत नाही. मी बी उतरनार हाये."

आईने चड्डी धान्याच्या कणगीत लपवली. तुम्ही शोधून काढलीत. मी केळीत लपले, तीन दिवस रोज सकाळी लपले. तिसऱ्या दिवशी तुम्ही मला शोधलंत. मला वाटलं, आता मार बसणार. तुम्ही चिखलात माझ्यासमोर उकिडवे बसलात. म्हणालात, "पाह्य, मलेबी भेव वाटतं. तू नाही शिकली तं मी बी नाही शिकनार. मंग पुढच्या खेपेले आपन दोघं काठावरच उभे राहू." तुम्हाला वाटलं असेल की पोरीला समजावण्यासाठी आपण "दोघं" म्हटलं. तो शब्द मला कसा लागला ते तुम्हाला कधी कळलं नाही. मी उठून तुमच्यामागे चालू लागले ती तुमच्या समजावण्याने नव्हे. मला वाटलं, यांना कळलंय.

बाबा आपला गुरू. त्याने घड काढून झालेल्या केळीचे दोन खांब तोडून आणले, एक तुमच्यासाठी, एक माझ्यासाठी. केळीचा खांब पाण्यावर तरंगतो. त्याला छाती टेकवायची आणि पाय मारायचे. चाळीस वर्षांचे तुम्ही, पंचायतीत ज्यांचा शब्द चालायचा असे, लंगोट लावून केळीच्या खांबाला मिठी मारून पाण्यात पाय आपटत होतात आणि वर काठावर शेजारचे मळेकरी बिड्या ओढत हसत होते. तुमच्या नाकातोंडात पाणी जायचं, डोळे लाल व्हायचे. पायरीला हात लागला की तुम्ही दगड असा धरायचात की बोटं पांढरी पडायची. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा उतरायचात. मला तेव्हा तुमची लाज वाटायची, हेही सांगून टाकते.

माझी भीती वेगळी होती. मला पाण्याची भीती नव्हती, पाण्याखालची होती. पाय मारताना माझ्या घोट्याला काहीतरी लागायचं, गार, बोटांसारखं. मला वाटायचं, अक्का आहे. ती खालून बघते आहे, मी हातात चिंच घेऊन उभी होते ते तिनं पाहिलं आहे, आणि आता ती विचारणार. खांब सोडायचं नाव काढलं की मी किंचाळायचे. तुम्ही समजूत घालून थकलात. एके दिवशी तुम्ही इंजिनाकडे गेला होतात तेव्हा बाबाने मला पायरीवर बसवलं आणि विचारलं, "कायले भेतं वं पोरी?" मी त्याला सांगितलं की खाली अक्का आहे. तो हसला नाही. दम घेऊन पाण्यात गेला, एवढा वेळ खाली राहिला की मी रडायला लागले. वर आला तेव्हा त्याच्या मुठीत काळा गाळ होता. तो त्याने माझ्या तळहातावर ठेवला. "खाले कोनी नाही. मी पाहून आलो. तिले मी सगळीच्या सगळी वर आनली व्हती. खाले काहीच ठेवलं नाही."

त्या गाळाला वास होता, कुजलेल्या पानांचा. मी तो हुंगला, पाण्यात धुतला, आणि त्या दिवशी खांब सोडला. चार हात पाणी तोडून समोरच्या भिंतीला जाऊन लागले. वळून बघितलं तर तुम्ही वर उभे होतात, हातात तेलाचा डबा, आणि तुम्ही तो डबा खाली ठेवलात. भीती गेली नव्हती. ती माझ्याबरोबर भिंतीपर्यंत आली होती. पण तिच्यासकट मला जाता आलं होतं, आणि हे मला नवीन होतं.

तुम्हाला मात्र पायरीवरून उतरणं जमत होतं, वरून उडी जमत नव्हती. महिनाभर तुम्ही काठावर यायचात आणि मागे फिरायचात. त्या दिवशी सकाळी मी पाण्यात होते. तुम्ही जोडे काढलेत, टोपी काढून जोड्यांवर ठेवलीत. अगदी तसंच. मला ते खालून दिसत होतं. तुम्ही काठावर उभे राहिलात, पोटऱ्या तशाच थरथरत होत्या, आणि तुम्ही डोळे मिटून स्वतःला टाकून दिलंत. त्याच वेळी आई भाकरी घेऊन येत होती. तिने काठावर नुसते जोडे पाहिले, नुसती टोपी पाहिली. ती जी ओरडली, नाना, ती अक्काच्या वेळीही तशी ओरडली नव्हती. मग तुमचं डोकं वर आलं. तुम्ही खोकत, हात मारत पायरीशी आलात. आई काठावर बसली, भाकरीचं फडकं मातीत पडलं होतं. ती म्हणाली, "त्या दिवशी मारायची व्हती उडी."

पाण्यात राहूनच तुम्ही वर बघितलंत. मग म्हणालात, "व्हय."

एवढंच. बाजू मांडली नाहीत, मला येत नव्हतं असंही म्हणाला नाहीत. मी तुमच्यापासून दोन हातांवर होते. मला तेव्हा बोलता आलं असतं. आई, आधी मी उभी होते, नाना यायच्या आधीच पाणी सपाट झालं होतं, असं म्हणता आलं असतं. समोरच्या भिंतीपर्यंत पोहत जाणारी मी, मला तोंड उघडता आलं नाही. आईने मातीतली भाकरी झटकली आणि ती तुमच्यासाठी काठावर ठेवून गेली. पण त्यानंतर हळूहळू ती तुमच्याशी बोलू लागली, आणि त्याच पावसाळ्यात केव्हातरी आपल्या विहिरीचं पाणी पुन्हा घरात आलं. मी तुम्हाला कधी विचारलं नाही, त्या एका "व्हय"ची तुम्हाला काय किंमत पडली.

पुढच्या उन्हाळ्यात शेजारच्या मळेकऱ्याने आपली मुलगी आणली, बिडी ओढत हसणाऱ्यातलाच एक. मग आणखी दोघींना आणलं. तुम्ही छातीइतक्या पाण्यात पायरीवर उभे राहून त्यांच्या पोटाखाली हात धरायचात आणि म्हणायचात, "भेव वाटू दे, पाय मात्र थांबवू नको." मी त्यांना पुढे पोहून दाखवायचे. तुम्ही माझ्याकडे अशा अभिमानाने बघायचात की मला बुडी मारून खाली जावंसं वाटायचं.

मोठ्या दुष्काळाच्या साली विहीर आटली. मी तेव्हा शिक्षिकेच्या कोर्ससाठी धुळ्याला होते, सुटीत आले होते. तुम्ही म्हणालात, चल. आपण पायऱ्या उतरून पार तळाला गेलो. पायांखाली भेगाळलेला गाळ, एक गंजलेली बादली, कासवाचं कवच. वर आभाळाचा गोल तुकडा. तुम्ही भिंतीला पाठ लावून उभे राहिलात आणि हाताने तळ मापल्यासारखं केलंत. "एवढंसंच व्हतं," तुम्ही म्हणालात. खरंच एवढंसंच होतं. दोन बैलगाड्या धड उभ्या राहणार नाहीत एवढं. तुम्ही तिथे रडलात. मी तुमच्या खांद्यावर हात ठेवला, आणि माझ्याही डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि तेव्हाही मी बोलले नाही.

मला देवपुरात शाळेत नोकरी लागली, पांझरा नदीकाठी एका खोलीत राहू लागले. तुमची छाती भरून यायला लागली तेव्हा औषधासाठी तुम्हाला मी धुळ्यात आणलं. खिडकीशी खाट टाकली होती. दीड महिना होतात तुम्ही. शेवटच्या आठवड्यातली ती दुपार आहे, रविवार आहे, शाळेला सुटी आहे. तुम्ही उशीला टेकून बसला आहात, पांझरेकडे बघता आहात, तिच्यात तेव्हा गुडघाभरसुद्धा पाणी नाही. तुम्ही म्हणता, "मह्यं भेव काही गेलं नाही पोरी. रोज उतरायच्या आधी पाय कापायचे. लोकायले वाटे, नाना आता भेत नाही." मग माझ्याकडे वळून विचारता, "तुह्यं गेलं का?"

तुम्ही पाण्याबद्दल विचारत होतात का, हे मला आजही नक्की सांगता येत नाही. तुमचा चेहरा असा होता की मी काहीही सांगितलं असतं तरी तुम्ही ऐकून घेतलं असतं. मी "गेलं" म्हटलं, आणि स्टोव्ह पेटवायला उठले.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, आणि घरात कुणाला दाखवायचंही नाही असं आता लिहिता लिहिताच ठरवलं. मुलांना अक्काबद्दल माहीत आहे; मी त्यांनाही "लगेच पळाले" असंच सांगितलं आहे. नाना, त्या रविवारी कुठे जायचं नव्हतं, कुणी येणार नव्हतं. तुम्ही विचारलंत तेव्हा माझ्याजवळ अख्खी दुपार होती. मी चहा केला.