भुईआवळीचा रस

९ जुलै १९९८
लॅबमध्ये कार्बन टेट्राक्लोराइडची बाटली उघडली आणि हात थांबला. हा वास ओळखीचा! अण्णांच्या युनिफॉर्मचा वास — गोडसर. त्यांच्या कंपनीत यंत्रांचे भाग धुवायला हेच वापरतात. कामगार त्याला नुसतं ‘गोडं पाणी’ म्हणतात. अण्णांचे हात कित्येक वर्षं कोपरापर्यंत त्यात. आणि आम्ही उंदरांचं यकृत बिघडवायला तेच टोचतो! भुईआवळीच्या अर्काने ते वाचतं का, बघायला.

अण्णांचंही यकृत बिघडलंय. डॉक्टर मात्र त्यांना दर वेळी विचारतात, “पिता का?” अण्णांनी आयुष्यात सुपारीसुद्धा खाल्लेली नाही.

१० जुलै
आईला सांगितलं. तिने एकच शब्द ऐकला — भुईआवळी. दुपारपर्यंत वाघोलीच्या रानातली उपटून आणून वाटूनही तयार. “तुमच्या कालेजात उंदरं बरी होत्यात, मग ह्यांनाच का न्हाई व्हायचं?”

अण्णा ताकातून प्यायले. तोंडसुद्धा वाकडं केलं नाही. मला उगाच रडू आलं.

२ ऑगस्ट
पोट फुगलंय. पाय सुजलेत. डोळे हळदीसारखे. आई म्हणते, उतार हाय. कुठे?

११ ऑगस्ट
निकाल उत्तम! अर्क दिलेल्या उंदरांची यकृतं जवळजवळ धडधाकट. माझ्या गाइड मॅडम खूश. मी विचारलं — विष आधी आणि अर्क नंतर दिला तर?

मॅडमनी मानही वर केली नाही. “तसा गट आपण घेतलाच नव्हता. प्रयोगाचं शीर्षक तुम्हीच टाइप केलंत ना, तनुजाबाई? ‘संरक्षण.’ ‘उपचार’ नव्हे.”

हो, मीच केलं. आधी आठवडाभर रोज अर्क मीच पाजला, मग सुईही मीच टोचली. आणि घरी अण्णा रस पिताना हे एकदाही डोक्यात येऊ नये? अक्कल गहाण टाकली होती.

१२ ऑगस्ट
आईला सांगितलं. आधीपासून घेतला असता तर कदाचित. आता नाही. संध्याकाळी अण्णांनी स्वतःच रस मागितला. तिने दिला.

३० ऑगस्ट
अण्णा गेले. दाखल्यावर नुसतं ‘कावीळ’.

२१ सप्टेंबर
कंपनीचे साहेब येऊन गेले. अण्णांच्या जागी धाकट्या विक्रमला घेणार. त्याच खात्यात! त्याचा कॉम्प्युटरचा कोर्स अजून अर्धाच झालाय. मी साहेबांसमोरच भांडले. ते गेल्यावर विक्रम म्हणाला, “मग घर तू चालवणार का, ताई? उंदरं मारून?”

 

२८ सप्टेंबर
विक्रमचा कामाचा पहिला दिवस. आई रसाचा पेला घेऊन माझ्यापुढे उभी. “ह्यानं अजून त्या पाण्यात हात घातला न्हाई. ह्याला तर लागू पडंल ना?”

मी हो म्हणाले.